दिवाळीनंतर नक्की

आमचे अण्णा नोकरी सोडणार आहेत. ही काही बातमी नव्हे. त्यांचं हे वाक्य ऐकत आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये वाढलेली पोरं इंजिनिअर झाली. त्यांनी नोकऱ्या धरल्या, सोडल्या, पुन्हा धरल्या. अण्णा अजून सोडणारच आहेत. सातपूरच्या एका कारखान्यात ते १९९१ साली लागले, क्वालिटी विभागात. "लागलो त्याच दिवशी ठरवलं होतं, इथं फार काळ राहायचं नाही," असं ते सांगतात आणि किती वाजले ते बघतात. मनगटावरचं घड्याळ कंपनीनं पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेलं असतं.

असा माणूस आमच्याच वाट्याला आलाय असं नाही. पाथर्डी फाट्यापासून पपया नर्सरीपर्यंत कुठल्याही टपरीवर शिफ्ट सुटायच्या वेळी कटिंग घेऊन उभं राहा, एक तरी अण्णा भेटतोच. बँकेत असतात, शाळेत असतात, जिल्हा परिषदेत तर असतातच. पण कारखान्यातला अण्णा अस्सल. कारण त्याच्या राजीनाम्याला हिशोबाची भक्कम बैठक असते.

अण्णांचं राजीनाम्याचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. पगारवाढीचं पत्र हातात पडतं, अण्णा ते दोनदा वाचतात, उलटं करून मागे काही लिहिलंय का बघतात आणि म्हणतात, "आता बास." पण एप्रिल-मे हे काही सोडायचे महिने नव्हेत. पूर्वी पोरीची ॲडमिशन असायची, आता पोरीकडचं काहीतरी असतं. जूनमध्ये पाऊस, आणि पावसात नवा धंदा कोण काढतं? श्रावणात सणवार, मग गणपती. पितृपक्षात तर वैऱ्यानंही राजीनामा देऊ नये. दसऱ्याला मुहूर्त चांगला असतो, पण दसऱ्याला सोडली तर बोनस बुडतो, आणि वर्षभर राबून बोनस कंपनीच्या घशात घालण्याइतके अण्णा भोळे नाहीत. म्हणून "दिवाळीनंतर नक्की". दिवाळीनंतर कोणीतरी पक्की खबर आणतं की युनियनचा करार होतोय, मागच्या तारखेपासून फरक मिळणार. फरक टाकून कोण जातं? फरक येईपर्यंत संक्रांत होते. संक्रांतीपासून मार्चएंड दोन महिन्यांवर. मधेच सोडून इन्कम टॅक्सची भानगड कशाला वाढवायची? मार्च संपतो आणि एप्रिलचं पत्र येतं.

यात आठवड्याचंही एक वेळापत्रक आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अण्णा माणसांत असतात. संध्याकाळी सहाला त्यांच्या चेहऱ्यावर उद्याची पहिली पाळी दिसायला लागते. सात वाजता ते गॅलरीत येतात आणि मी समोरच्या गॅलरीत असलो तर म्हणतात, "तुमचं बरं आहे." माझं काय बरं आहे हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आठला वहिनी आतून ओरडतात, "अहो, डब्याला भेंडी करू की गवार?" अण्णा म्हणतात, "कर काहीही. आता किती दिवस राहिलेत डब्याचे!" वहिनी गवार करतात. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी अण्णा डबा घेऊन जिना उतरतात. बसथांब्यावर बसच्या आधी दहा मिनिटं हजर असलेला एकमेव माणूस म्हणजे नोकरी सोडायला निघालेला हा गृहस्थ.

त्यांचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. १९२८ पासून देशाच्या नोटा छापणारी ती प्रेस. ते म्हणायचे, "आयुष्यभर लाखो रुपये हातातून गेले, घरी आला तो फक्त पगार." त्या पिढीला सरकारी नोकरी म्हणजे जन्माची सोय. अण्णांनी पहिल्यांदा सोडण्याचा विषय काढला तेव्हा म्हातारबा जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "सोडतो म्हणजे? नोकरी काय चप्पल आहे, देवळाबाहेर काढून ठेवायला?" अण्णांनी त्या दिवशी विषय मिटवला. वडील गेल्यावर मात्र त्यांनी तो रीतसर हातात घेतला.

राजीनाम्याचा मसुदा तयार आहे. पहिला होता डायरीत, शाईच्या पेनानं. मग टाइप करून घेतलेला एक. सध्याचा मोबाइलमध्ये आहे आणि वहिनींना सापडू नये म्हणून त्याला "किराणा" असं नाव दिलंय. वहिनी किराण्याची यादी त्याच मोबाइलवर करतात. परवा अण्णांनी मला तो मसुदा भाषा तपासायला पाठवला. "व्यक्तिगत कारणास्तव मी माझ्या पदावरून मुक्त होऊ इच्छितो. तरी यथायोग्य निर्णय व्हावा ही विनंती. साबुदाणा १ किलो, शेंगदाणे अर्धा, नीळ."

मसुद्यावर त्यांनी फार मेहनत घेतली आहे. एके काळी त्यात "वरिष्ठांच्या मनमानी कारभाराला कंटाळून" असे शब्द होते. पुढे ते काढून "वरिष्ठांशी झालेल्या मतभेदांमुळे" आलं, मग नुसतं "मतभेदांमुळे", आणि शेवटी "व्यक्तिगत कारणास्तव". वरिष्ठांचं नाव मात्र दर तीन-चार वर्षांनी बदलावं लागतं. कारण ज्या ज्या साहेबाच्या जाचामुळे अण्णा नोकरी सोडणार होते, तो प्रत्येक साहेब स्वतःच नोकरी सोडून गेला. कोणी चाकणला, कोणी गुजरातेत, एक तर थेट जर्मनीला. प्रत्येकाच्या निरोप समारंभाची वर्गणी अण्णांनी गोळा केली, कोंडाजीचा चिवडा आणि पेढे आणले आणि भाषणही केलं. "साहेब कडक होते, पण शिकायला मिळालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरी आल्यावर अण्णा मोबाइल काढून मसुद्यातलं नाव बदलायचे.

आता हिशोब. अण्णांना ग्रॅच्युइटीचं सूत्र पाढ्यासारखं पाठ आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले झालेली वर्षं. पेन्शनचंही तसंच. पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर, आणि तो पगार कितीही असला तरी पंधरा हजारांच्या वर धरत नाहीत. "सव्वीस का, तर महिन्यात चार रविवार जातात. पण सत्तर का? सांगा ना, सत्तर का?" असं ते भर रस्त्यात अडवून विचारतात. मला सांगता आलं नाही. या सत्तरानं भागल्यावर जे काही उरतं त्यात घरपट्टी, लाइट, गॅस आणि दूध बसवून बघणं हा त्यांचा रात्रीचा विरंगुळा आहे. दूध नेहमी बाहेर राहतं.

या विद्येचा फायदा सगळ्या बिल्डिंगला होतो. कुणाचं पीएफ खात्यातलं नाव आधारशी जुळत नाही, कुणाचा जुन्या कंपनीतला पैसा नव्या खात्यात आला नाही, की पोरं अण्णांकडे जातात. सातपूरच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात कुठल्या कामाला कोणता कागद लागतो हे त्यांना तोंडपाठ. खालच्या मजल्यावरचा एक पोरगा अंबडमधली नोकरी सोडून पुण्याला निघाला होता. त्याला वाटलं, नोकरी सोडायचं म्हटल्यावर अण्णांइतका दिलदार पाठीराखा दुसरा मिळणार नाही. अण्णांनी विचारलं, "किती वर्षं झाली?" तो म्हणाला, "सव्वाचार." अण्णांचा चेहरा पडला. "अरे, पाच पूर्ण केलीस तर ग्रॅच्युइटी मिळेल. नऊ महिन्यांसाठी सोडतो? वेडा का तू?" पोरगा थांबला. नऊ महिन्यांत त्याला बढती मिळाली, लग्न ठरलं, आडगावला फ्लॅट बुक झाला. तो अजून तिथंच आहे. हल्ली सुट्टीच्या संध्याकाळी तोही गॅलरीत येऊन उभा राहतो.

सोडल्यावर करायचं काय, याची अण्णांकडे कमतरता नाही. पहिलं मिसळ. नाशकात मिसळीच्या दुकानाचं स्वप्न न पाहिलेला नोकरदार दाखवा आणि माझ्याकडून एक प्लेट घेऊन जा. पण अण्णांनी अभ्यास केला. वर्षानुवर्षं सुट्टीच्या सकाळी ते गंगापूर रोडपासून त्र्यंबक रोडपर्यंत एकेका ठिकाणी बसले, वहीत मटकीची जाडी, तर्रीचा रंग, पापड भाजलेला की तळलेला, दही वेगळं की वरून, एका टेबलावर किती वेळात किती गिऱ्हाईक उठतं, सगळं टिपलं. क्वालिटीचा माणूस. एकदा तर त्यांनी खिशातून व्हर्निअर काढून पावाची उंची मोजली आणि मालक गल्ला सोडून धावत आला. या संशोधनातून दुकान निघालं नाही. अण्णांना ॲसिडिटी मात्र कायमची जडली आणि डॉक्टरांनी मिसळच बंद केली.

मग द्राक्षं. वहिनींचं माहेर दिंडोरी तालुक्यात, भावाची बाग आहे. त्यातच सुला वाइनवाल्या राजीव सामंतांची गोष्ट अण्णांनी कुठंतरी वाचली. अमेरिकेत ओरॅकलमधली नोकरी सोडून हा माणूस नाशकात आला, घरच्या जमिनीवर द्राक्षं लावली आणि आज गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. "बघा, नोकरी सोडली म्हणून!" अण्णा म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "जमीन होती म्हणून." तरी अण्णा दिंडोरीला गेले. ऑक्टोबर छाटणी झाल्यानंतरचे दिवस, बाग फुलोऱ्यात. रात्री अवकाळी आला. मेव्हणा बॅटरी घेऊन बांधावर, अण्णा त्याच्या मागे छत्री धरून. सकाळी घडांवर डावणी येणार म्हणून फवारणीची धावपळ. मेव्हणा एवढंच म्हणाला, "दाजी, तुमच्याकडे पाऊस आला तर पगार कापतात का?" दुसऱ्या दिवशी अण्णा पहिल्या पाळीला गेले ते शीळ घालत. कँटीनमधला पातळ वरण-भात त्यांनी त्या दिवशी दोनदा मागून घेतला.

कुंभमेळ्याचा बेत तर बारा वर्षांच्या मुदतीचा. २००३ च्या सिंहस्थात ते नोकरीत नवखे नव्हते, पण धाडस नव्हतं. २०१५ ला त्यांनी पक्कं ठरवलं. गच्चीवर यात्रेकरूंची सोय करायची, चालली तर पुढे लॉज. पत्रा टाकला, गाद्या आणल्या, "राहण्याची व जेवणाची उत्तम सोय" असा बोर्ड रंगवून घेतला. गाद्या भरल्या हे खरं. पण वहिनींची आत्या, आत्याच्या जावा, त्या जावांच्या विहिणी, अशी सगळी मंडळी पर्वणीला आली आणि निघताना अण्णांच्या हातावर नारळ ठेवून गेली. पाहुण्यांना रामकुंडावर नेण्या-आणण्यात अण्णांची वर्षाची रजा संपली. बोर्ड माळ्यावर गेला. २०२७ ला सिंहस्थ आहे, म्हणून तो टाकू देत नाहीत.

अण्णांचं खरं दैवत मात्र दादासाहेब फाळके. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. लेणी चढून आल्यावर अण्णा तिथं घाम पुसत उभे राहतात आणि सोबतच्या माणसाला सांगतात, "आपल्या त्र्यंबकेश्वरचा माणूस. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडली. सोडली नसती तर १९१३ ला राजा हरिश्चंद्र निघाला असता का?" एकदा वहिनी बरोबर होत्या. अण्णांचं बोलणं संपायच्या आत म्हणाल्या, "त्यांच्या बायकोनं दागिने दिले होते. माझ्या पाटल्यांकडे बघू नका." अण्णांनी खरंच त्याच वेळी पाटल्यांकडे बघितलं होतं.

परतताना त्यांचा उत्साह पुन्हा यावा म्हणून मी त्यांना पुढची हकिगत सांगितली. फाळक्यांनी नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी केली, भागीदारांशी बिनसलं, राजीनामा देऊन ते काशीला गेले, तिथं 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं आणि काही काळानं पुन्हा त्याच कंपनीत परतले. अण्णा जागच्या जागी थांबले. मला वाटलं, दैवताचा हा परतीचा प्रवास त्यांना रुचला नसावा. पण त्यांचे डोळे चमकत होते.

"म्हणजे परत घेतात?"

"त्यांना घेतलं."

बराच वेळ ते गप्प चालले. पाथर्डी फाट्याशी रिक्षा मिळाली तेव्हा बसता बसता त्यांनी विचारलं, "आणि मधली सर्व्हिस धरली का हो?"

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, अण्णा कामचुकार असतील. तसं असतं तर मी त्यांच्यावर लिहिलंच नसतं. एक कप्पी लांबून वाजली तरी कोणत्या मशिनचं बेअरिंग गेलंय ते हा माणूस सांगतो. ताप आला म्हणून घरी राहिला तर दर तासाला फोन करून विचारतो, "त्या लॉटचं काय केलं? पास केला नाहीत ना?" काही मायक्रॉनसाठी त्यांनी एका साहेबाशी भर शॉपमध्ये भांडण केलं आणि सगळा माल परत पाठवला. त्या संध्याकाळी ते राजीनाम्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची राजीनाम्याची भाषा जोर धरते ती काम नीट चाललं असलं की. मला वाटतं, मनातल्या मनात रोज दार उघडं आहे हे बघून येणारा माणूसच त्या खोलीत तीस-पस्तीस वर्षं बसू शकतो. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही. उगाच सोडतील.

आणि एकदा दार खरंच उघडलं. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती काढली. नोटीस बोर्डावर कागद लागला आणि पहिल्या पाळीच्या मंडळींनी अण्णांना मिठ्याच मारल्या. "अण्णा, लॉटरी! सोडायचेही पैसे!" वर्षाला इतके दिवस, उरलेल्या सेवेचे इतके, सगळं अण्णांनी जागच्या जागी मांडून बघितलं. रक्कम चांगली होती. दूधही बसत होतं.

त्यानंतर ते गप्प झाले. मुदत तीन आठवड्यांची होती. अण्णा रात्री गॅलरीत यायचे, पण "तुमचं बरं आहे" म्हणायचे नाहीत. फॉर्म घरी आला, देव्हाऱ्याशेजारी कालनिर्णयखाली ठेवला गेला. वहिनींनी कधी नव्हे ते प्रेमानं सांगितलं, "भरा की. इतकी वर्षं म्हणताय." अण्णांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वहिनींनी पुन्हा विषय काढला नाही. शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे आले, पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "नाही भरला. आपण सोडायची तर आपण सोडू. ते सोडवतात म्हणून का सोडायची?"

त्या वाक्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. अजून नाही.

यावर कडी म्हणजे पुढच्या आठवड्यात एचआरवाल्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "अण्णा, तुम्ही अर्ज केला असता तरी आम्ही मंजूर केला नसता." असल्या योजनेत अर्ज नाकारण्याचा हक्क व्यवस्थापन स्वतःकडे ठेवतंच. अण्णा पंधरा दिवस जमिनीवर नव्हते. रोज संध्याकाळी नवा माणूस गाठून सांगायचे, "नाकारला असता म्हणे." सोळाव्या दिवशी सूर बदलला. "बघा आता. धड सोडूही देत नाहीत!"

२०२७ ला अण्णा अठ्ठावन्न पूर्ण करतात. निवृत्ती आणि सिंहस्थ एकाच वर्षी येतात हा त्यांना ईश्वरी संकेत वाटतो. माळ्यावरचा बोर्ड खाली आलाय, "उत्तम"मधला "त्त" पुसट झालाय तो रंगवून घ्यायचाय. मात्र गेल्या महिन्यात कंपनीनं त्यांना विचारलं की निवृत्तीनंतर दोन वर्षं करारावर थांबाल का, नव्या पोरांना शिकवायला कोणी नाही. अण्णा "बघतो" म्हणाले. घरी येऊन त्यांनी कराराच्या कागदात पगाराचा आकडा बघितला नाही, कामाचे तास बघितले नाहीत. सोडून जायचं कलम कुठंय ते आधी शोधलं. सातव्या कलमात आहे. एक महिन्याची नोटीस लागते.

अण्णा सही करणार आहेत.